तिसरी-चौथीच्या पोरांना रझांचा बिंदू कसा शिकवायचा? (मदत हवी आहे)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिसरी-चौथी एकत्र, पट २७. चित्रकलेला वेगळे सर नाहीत, गणित मीच, मराठी मीच आणि चित्रकलाही मीच, आणि माझं स्वतःचं चित्र म्हणाल तर दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी, संपलं.

गेल्या वर्षी २३ जुलैला चित्रकार एस. एच. रझांचा स्मृतिदिन म्हणून हौसेने त्यांचा बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रातला तो मोठा काळा गोल, घेतला. मोबाईलवरून प्रिंट काढली, फळ्याला चिकटवली आणि पोरांना म्हणलं हे असं काढायचं. मग काय, एक तास नुसतं "बाई गोल वाकडा येतोय", "बाई काळा रंग संपला", "बाई हिने माझी वाटी घेतली". त्यात बाहेर धो धो पाऊस, रंग वाळेनात, एकमेकांच्या कागदाला कागद चिकटले. शेवटी २७ चित्रं झाली आणि सगळी डिट्टो एक. पाहुणे आले होते ते भिंतीकडे बघून खूश, म्हणाले वा, सगळी कशी एकसारखी, शिस्त आहे तुमच्याकडे. मला तेव्हा बरं वाटलं पण घरी येताना एसटीत बसल्यावर खटकायला लागलं. एका पोराचं चित्र दुसऱ्याच्या नावावर खपलं असतं तरी मला कळलं नसतं, खुद्द त्या पोरालाही कळलं नसतं.

तरी यंदाही रझाच घ्यायचेत, कारण त्यांची ती शाळेतली गोष्ट पोरांना भयंकर आवडली. म्हणजे मंडला जिल्ह्यात, जंगलाकडच्या गावात प्राथमिक शाळेत असताना रझांचं लक्ष लागायचं नाही, तर मास्तरांनी व्हरांड्यातल्या भिंतीवर एक टिंब काढलं आणि म्हणाले, बस इथे, याच्याकडे बघत राहा. ते टिंब पुढे कित्येक वर्षांनी चित्रात आलं. आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं, "बाई म्हंजे लक्ष नसलं तर चित्रकार होतंय व्हय?" काय उत्तर देणार.

तर प्रश्न असा की मोठ्या चित्रकाराची शैली शिकवायची पण नक्कल होऊ द्यायची नाही, हे आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या बाबतीत जमतं का? आणि रंग वाळवायचं काय करता?

सोनचाफा_९

शीर्षक वाचून आधी वाटलं एलिमेंटरीच्या परीक्षेबद्दल आहे, वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन वगैरे. जुन्या जखमा जाग्या झाल्या. माझी किटली अजून तिरकी आहे 😄

छान धागा ताई. वाचनखूण साठवली.

संत्रानगरी

हाव ना ताई, रझा म्हणजे आमच्या नागपूरचे, हे लोकं विसरूनच राहिले. मंडल्याहून आधी नागपूर स्कूल ऑफ आर्टला आले, १९३९ ते ४३, मग गेले मुंबईच्या जेजे कला शाळेला. पॅरिसचं नंतरचं आहे सगळं, १९५० मध्ये. पोरांना नकाशा दाखवाल तर मंडला, नागपूर, मुंबई, पॅरिस अशी रेघ मारून दाखवा, भूगोल पण होऊन जाते.

खडूफळा

ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. नक्कल करूनच शिकतात सगळे. अक्षर कसं शिकलो आपण? गिरवूनच ना? तेव्हा कोणी म्हणलं नाही की बाळा तुझा स्वतःचा ‘क’ काढ. व्हॅन गॉगसारख्या माणसाने मिले या फ्रेंच चित्रकाराची वीसेक चित्रं उतरवली, जपानी हिरोशिगेचा पावसातला पूल उतरवला. पोरांनी एक गोल उतरवला तर कुठे आभाळ कोसळलं.

चिंगीची आई

@खडूफळा, गिरवण्याला ना नाही हो, पण आमच्याकडे काय होतं सांगू का. लेक दुसरीत. शाळेतून मोर आला घरी, मोराचा पिसारा इतका सुबक की मी विचारलं हा तू केलास? तर म्हणे मी डोळा चिकटवला. बाकी सगळं टीचरनी. आणि ग्रुपवर फोटो पडले तर चाळीस मोर, चाळीस बदाम, चाळीस डोळे. खाली आयांचे अंगठे आणि फुलं. ताईंच्या वर्गात निदान पोरांनी स्वतः तरी काढलंय.

रंगारी काका

चाळीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो, आता रिटायर्ड, त्यामुळे थोडं लांबेल, सवय आहे.

खडूफळा यांचं निम्मं खरं आहे. व्हॅन गॉगने मिले उतरवला हे बरोबर, पण कशावरून उतरवला? त्याच्यासमोर होते काळ्यापांढऱ्या छापाचे कागद. रंग सगळे त्याने स्वतःच्या मनाने घातले. तो स्वतःच म्हणायचा की मी भाषांतर करतोय. म्हणजे आकार दुसऱ्याचा, रंग आपला. कोयनाकाठ ताई, तुमची चूक एवढीच झाली की तुम्ही पोरांना आकार पण दिला, रंग पण दिला, जागा पण दिली. त्यांना करायला राहिलं काय, तर न सांडणं. ते त्यांनी केलं.

यंदा रंगीत प्रिंट काढूच नका. झेरॉक्स काढा. काळीपांढरी. पैसे पण वाचतील. ती दाखवा, पाच मिनिटं बघू द्या आणि काढून घ्या. मग पाच रंग पुढ्यात ठेवा. रझांचे पण मुख्य पाचच, काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा, पंचतत्त्वांचे. कुठल्या तत्त्वाला कुठला रंग हे तुम्ही सांगू नका, पोरांना ठरवू द्या. मूळ रंगीत चित्र दाखवायचं ते सगळ्यात शेवटी, पोरांची वाळत पडल्यावर.

आता वाळण्याबद्दल. जुलैत पोस्टर कलर म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. दमट हवेत जाड थर दिवसभर ओला राहतो. एक तर ऑइल पेस्टल घ्या, नाहीतर धागा जपून ठेवा आणि दिवाळीनंतर करा, स्मृतिदिन काही पोरांना माहीत नाही. रझांचा जन्म २२ फेब्रुवारीचा आहे (१९२२), तेव्हा ऊन कसं असतं! जयंती करा की.

पोस्टर कलरच घ्यायचे तर पिवळ्यापासून सुरुवात, मग लाल, मग निळा, काळा सगळ्यात शेवटी. काळ्याला वेगळा ब्रश, वेगळा डबा, आणि तो डबा तुमच्या टेबलावर. काळा एकदा का पाण्यात गेला की वर्गातल्या सगळ्या पिवळ्याचं शेण होतं. आणि दोन ओले रंग शेजारी ठेवायचे नाहीत, मध्ये नखाएवढी फट सोडायची, ती फट मागाहून भरायची. हे शंभरदा सांगावं लागतं.

सोनचाफा_९

"सगळ्या पिवळ्याचं शेण होतं" 😂😂 काका दंडवत

वाघोबा

पण रझाच का? आपल्याकडे वारली आहे ना, सोप्पं, त्रिकोणाला त्रिकोण जोडला की झाला माणूस. पांढरा एकच रंग. मातीची भिंत पण मिळेल गावाकडे.

रंगारी काका

@वाघोबा, राग मानू नका, पण "त्रिकोणाला त्रिकोण" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. वारली ही एका चित्रकाराची शैलीच नाही. लग्नाच्या वेळी सवाशिणी घरात भिंतीवर चौक, म्हणजे चौकटीतलं लग्नाचं चित्र, लिहितात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मध्ये पालघट देवी. तिकडे चित्र ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. जिव्या सोमा म्हसे यांनी ते सत्तरच्या दशकात कागदावर, कापडावर आणलं, लग्न असो नसो रोज काढायला लागले, आणि तिथून त्यांचा स्वतःचा हात दिसायला लागला. २०११ ला पद्मश्री, २०१८ ला गेले. त्यांचं मासे पकडायचं जाळं बघा एकदा, अख्खा कागद भरून एक जाळं, एवढीएवढीशी रेघ. सोप्पं म्हणाल का मग?

शिकवायचंच तर म्हसेंचं जाळं शिकवा, त्रिकोणी माणसं नको. डहाणू-तलासरीकडच्या शाळेत असाल तर पोरांच्या आज्या-मावश्यांनाच वर्गात बोलवा, तुम्ही मागच्या बाकावर बसा.

वाघोबा

काका, माघार. जाळं बघितलं आत्ता. बाप रे.

परदेशी पाखरू

आम्ही इथे न्यू जर्सीत रविवारी मराठी शाळा चालवतो, तिथला अनुभव लिहिते, उपयोग झाला तर बघा.

आम्ही ‘तारांकित रात्र’ घेतली होती, व्हॅन गॉगचीच, १८८९ ची. बऱ्याच पोरांनी न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये मूळ चित्र बघितलेलं, त्यामुळे आधीच माहिती की वर गोल गोल, डावीकडे ते काळं झाड, खाली गाव. पहिल्या बॅचला तुमच्यासारखंच झालं, सतरा पोरं सतरा झाडं.

दुसऱ्या बॅचला चित्राचं नावच काढलं नाही. आधी अर्धा तास फक्त रेघा. ऑइल पेस्टलने तुटक तुटक रेघ, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि नियम एकच, रेघ वाऱ्याच्या दिशेने पडली पाहिजे. दगड आला तर वारा वळसा घालतो, रेघ पण वळसा घालणार. ओढ्यात काडी सोडल्यावर कशी जाते तसं, पण इथल्या पोरांना ओढा कुठला, मग टबमधलं पाणी भोकाकडे जातं तसं म्हणलं, तर लगेच कळलं. मग म्हणलं आता तुमच्या घराच्या खिडकीतली रात्र काढा. एकाने पार्किंग लॉट काढला, बर्फातल्या गाड्या आणि दिव्याच्या खांबाभोवती पिवळी भोवरी. एकीने आजीला न्यायला गेलो ते एअरपोर्ट. मग सगळ्यात शेवटी मूळ चित्र दाखवलं तर एक जण ओरडला, "ही कॉपीड अस!"

तर मुद्दा काय, चित्र देऊ नका, त्याची खोड द्या. व्हॅन गॉगची खोड रेघेची. रझांची काय असेल ते काका सांगतील.

रंगारी काका

पाखरू, तुम्ही माझं काम केलंत.

रझांची खोड म्हणजे आधी एक जागा धरायची, आणि बाकी सगळं तिच्याकडे बघून मांडायचं. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, पट्टे, सगळे टिंबाचे पाहुणे. टिंब मध्येच हवं असंही नाही. पण ते सगळ्यात आधी पडलं पाहिजे, आणि पडल्यावर खोडायचं नाही.

एक मात्र पोरांना जरूर सांगा. पुष्कळ मोठी माणसं म्हणतात की काळा गोल काढायला काय लागतं. रझांची मुंबईतली सुरुवातीची जलरंग चित्रं बघा, रस्ते, घरं, पावसाळी हवा, हात असा सैल की बघत बसावं. मग फ्रान्समधली गावं, चर्च. मग जाड रंगाची, धगधगणारी निसर्गचित्रं. १९५६ ला तिथल्या समीक्षकांचं बक्षीस मिळालं, तोवर बिंदूचा पत्ता नव्हता. बिंदू ठळक झाला तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी, म्हणजे वय पन्नाशीच्या पुढे. शाळेतल्या भिंतीवरचं टिंब कागदावर यायला एवढा वेळ लागला.

चिंगीची आई

काका तुम्ही वेगळा धागा काढा प्लीज.

खडूफळा

+१. आणि मी माझं वाक्य निम्मं मागे घेतो. निम्मंच हां.

एक प्रॅक्टिकल प्रश्न: तिसरीच्या पोराला गोल काढायला द्यायचं काय? कंपासचं टोक कागदातून आरपार जातं, नाहीतर शेजारच्याच्या मांडीत.

संत्रानगरी

बांगडी, वाटी, ताटली. बांगडीच्या बाहेर वाटी, वाटीच्या बाहेर ताटली. एका केंद्रावर नाही बसत बरोबर पण बिघडते काय.

मोठा गोल पाहिजे तर मैदानात जा. मध्ये एक पोट्टा उभा करा, त्याच्या हातात सुतळीचं एक टोक, दुसऱ्या टोकाला दुसरा पोट्टा चुन्याची फक्की घेऊन. सुतळी ताणून फिरला की गोल. सुतळी कमी केली की आतला गोल. मधला पोट्टा म्हणजे बिंदू. त्याला हलू द्यायचं नाही, तेच कठीण आहे.

नियमभाऊ

एक छोटीशी सूचना, हलके घ्या, पण घ्या. वर्गात शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखादं चित्र उतरवलं तर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे, काही प्रश्न नाही. पण त्याच चित्रांची शाळेने कॅलेंडरं, भेटकार्डं छापून विकायला घेतली तर तो वर्ग राहत नाही. आपल्याकडे हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि गेल्यानंतर ६० वर्षं असतात, रझा २०१६ ला गेले, म्हणजे २०७६ संपेपर्यंत. व्हॅन गॉग १८९० लाच गेला, त्याची काळजी नको. आणि नुसत्या शैलीवर, म्हणजे टिंब आधी काढायच्या पद्धतीवर, कोणाचा हक्क नसतो. म्हणजे काका सांगतायत ते कायद्यानेही बरं आहे 🙂

सोनचाफा_९

ताई, ठिपक्यांची रांगोळी विसरू नका. पोरींना ठिपका आधी, रेघ नंतर हे शिकवावं लागत नाही, हातातच असतं.

अवांतर: अनुस्वार पण टिंबच की. माझ्या लेकाला मी सांगते, टिंब विसरलास तर आंबा जाऊन आबा येतात.

कोयनाकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू. मध्ये बरेच महिने आले नाही, काकांचं ऐकून जुलैचा बेत रद्द केला आणि परवा २२ फेब्रुवारीच्या आसपासचा शनिवार धरला, सकाळची शाळा. जसं झालं तसं लिहिते.

आधी मैदानात सुतळी. मधला बिंदू म्हणून आमच्यातला सगळ्यात वळवळ्या मुलगा उभा केला, मुद्दाम. पहिला गोल अंड्यासारखा झाला कारण तो फिरणाऱ्याबरोबर स्वतःपण फिरला आणि दोन पावलं सरकला. दुसऱ्या वेळी पोरंच ओरडायला लागली, "बिंदू हलू नको!" पाच गोल झाले. मग तो म्हणाला बाई मला लघवीला जायचंय. बिंदू गेला.

वर्गात झेरॉक्स दाखवली, पाच मिनिटं, काढून घेतली. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठ, गावातून गोळा केलेली, जाड असते आणि फुकट. रंगांना अंड्याचे ट्रे. काळ्याचा डबा माझ्या टेबलावर, रांगेत यायचं आणि एक चमचा घेऊन जायचं, रेशनसारखं. त्याने फार फरक पडला, गेल्या वर्षी अर्धा कागद काळा होत होता, यंदा जपून जपून वापरला.

पाण्याचा रंग कुठला विचारलं तर मला वाटलं निळा म्हणतील. एकजण म्हणाली पिवळा. का गं? तर म्हणे पावसाळ्यात नदी पिवळी असती. दुसरा म्हणाला पांढरा, आमच्या घरी बोरचं पाणी येतं ते फेसाळ येतं. निळं म्हणणारी दोघंच निघाली. मी गप्प बसले, काका, खूप जड गेलं पण गप्प बसले.

टिंब खोडायचं नाही हा नियम सगळ्यात अवघड पडला. खोडरबर आधीच गोळा केले होते तरी एकीने थुंकी लावून पुसायचा प्रयत्न केला, कागदाला भोक. म्हणलं आता भोक हेच टिंब. तिने भोकाभोवती लाल कडं काढलं, मग पिवळं, मग पुन्हा लाल. तिची आई बांगड्या भरते बाजारात, ते नंतर लक्षात आलं.

आणि एक चित्र सांगायचंच आहे. एकाने टिंब कागदाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात टाकलं, काळं, चांगलं दोन बोटं रुंद. भोवती निळं कडं आणि मग एका बाजूने पायऱ्यांसारखे चौकोन चौकोन, आणि बाकी सगळा कागद रिकामा. मी विचारलं एवढा कागद का सोडलास रे. तर माझ्याकडे असं बघितलं की बाईंना एवढं पण कळत नाही. म्हणाला, "ही हीर हाय आमची, वरनं. आन् हे सगळं रान. पाणी घाटलं नाय अजून." संपूर्ण रान त्याने तसंच पांढरं ठेवलं. मी पुढे काही बोलले नाही.

चित्रात एक ओळ लिहायची कल्पना पण घेतली, रझांच्या १९८१ च्या ‘मां’ चित्रात खाली देवनागरीत कवितेची ओळ आहे ना, तसं. त्यात मात्र घोटाळा झाला, दहा-बारा जणांनी ‘माझी शाळा स्वच्छ शाळा’ लिहिलं कारण ते समोर भिंतीवर रंगवलेलं आहे. पुढच्या वेळी वर्गाबाहेर बसवीन.

२७ पैकी चार-पाच अजून एकमेकांची आहेत, शेजारी बसणाऱ्यांची, ते लगेच ओळखू येतं. पण बाकीची मी नाव न बघता सांगू शकते कोणाची कुठली.

आणि हो, व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने एक टिंब काढलंय, गोष्टीतल्यासारखं. लक्ष नसेल त्याने तिथे जाऊन बसायचं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी शेजारी अजून एक टिंब काढून खाली हसरं तोंड काढलं, आणि मधल्या सुट्टीत दोन कान आणि मिशी. आता लक्ष नसणाऱ्यांची तिथे रांग लागते.

रंगारी काका

विहिरीचं चित्र जपून ठेवा, ताई. पोराला परत देऊ नका, म्हणजे द्या, पण आधी फोटो काढा.

मिशी पुसू नका.